वाफेची शिट्टी : संग्रह, श्रवण आणि स्मृती – एक चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे डोळ्यांसमोर येतात. या यादीत आवाजाला स्थान नसते. आवाज उमटतो आणि त्याच क्षणी नाहीसा होतो, त्यामुळे इतिहासकाराच्या हाती त्याचे केवळ वर्णन उरते. औद्योगिक युगाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. रेल्वे इंजिनाची शिट्टी, कारखान्याचा भोंगा आणि धुक्यात जहाजांना इशारा देणारे कर्णे यांनी सुमारे सव्वाशे वर्षे कोट्यवधी माणसांचा दिवस आखून दिला. ही यंत्रे बंद पडली तेव्हा त्यांचे आराखडे ग्रंथालयात गेले आणि सांगाडे संग्रहालयात किंवा भंगारात गेले. त्यांचा आवाज मात्र कोणत्याही संस्थेच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती छंदिष्टांनी. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत शिट्ट्या व हॉर्न जमविणारे, त्यांची मापे घेणारे, त्यांच्या स्वरांची नोंद ठेवणारे आणि त्या पुन्हा वाजवून पाहणारे हौशी अभ्यासक विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठळकपणे दिसू लागतात. 'हॉर्न अँड व्हिसल' या नावाचे एक नियतकालिकही त्यांनी चालविले. समाजाने या मंडळींकडे बहुधा कौतुकमिश्रित विनोदानेच पाहिले. त्यांच्या कार्याची गंभीर चिकित्सा क्वचितच झाली.

प्रस्तुत लेखात या परंपरेशी निगडित तीन कृतींचा विचार केला आहे. ओ. विन्स्टन लिंक यांची वाफेच्या रेल्वेची ध्वनिमुद्रणे, कॉनरॅड मिल्स्टर यांनी न्यूयॉर्कमध्ये चालविलेला नववर्षाच्या मध्यरात्रीचा शिट्टीवादनाचा उपक्रम आणि रॉबर्ट स्वॉन्सन यांनी कॅनडात घडविलेले हॉर्न, या त्या तीन कृती होत. आवाजाचे जतन करणे म्हणजे नेमके कशाचे जतन करणे, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न आहे. वस्तूचे, ध्वनीचे, की तो ध्वनी ज्यांच्यासाठी होता त्या माणसांशी असलेल्या त्याच्या नात्याचे?

शिट्टीचा उगम आणि तिचे बदलते अर्थ

वाफेच्या शिट्टीचा जन्म संगीतासाठी झाला नाही, तो भीतीपोटी झाला. वेल्समधील डाउलाइस येथील लोखंडाच्या कारखान्यात एड्रियन स्टीफन्स यांनी १८३० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाष्पकावर शिट्टी बसविली. बाष्पकातील पाण्याची पातळी धोक्याच्या रेषेखाली गेली तर कामगारांना सूचना मिळावी, हा तिचा हेतू होता. त्याच सुमारास लेस्टर–स्वॅनिंग्टन रेल्वेवर फाटकापाशी इंजिन आणि गाडा यांची टक्कर झाल्यानंतर इंजिनावर वाफेचा कर्णा बसविण्यात आल्याची हकिकत रेल्वेच्या इतिहासात सांगितली जाते. पुढे १८५९ मध्ये कॅनडातील सेंट जॉन बंदराजवळच्या पार्ट्रिज बेटावर रॉबर्ट फौलिस यांच्या कल्पनेनुसार वाफेवर चालणारा धुक्यातील भोंगा उभा राहिला. बाष्पक, फाटक आणि बंदर या तिन्ही ठिकाणी शिट्टीचे काम एकच होते : जिथे नजर पोहोचत नाही तिथे कानाला सावध करणे.

सूचनेबरोबर शिट्टीला लवकरच दुसरे अर्थही चिकटले. थोरो यांनी 'वॉल्डन' (१८५४) मध्ये आपल्या तळ्याकाठी ऐकू येणाऱ्या इंजिनाच्या शिट्टीला ससाण्याच्या किंकाळीची उपमा दिली आहे. निसर्गाच्या निवांतपणात शिरणारी ती बाजारपेठेची हाक होती. लिओ मार्क्स यांनी 'द मशीन इन द गार्डन' (१९६४) या ग्रंथात अमेरिकन साहित्यातील अशाच प्रसंगांवरून यंत्र आणि उपवन यांच्या द्वंद्वाची मांडणी केली. कारखान्याच्या शिट्टीने याहून मोठा बदल घडविला. सूर्य आणि ऋतू यांच्यावर चालणारा श्रमाचा दिवस घड्याळाच्या अंकित कसा झाला, हे ई. पी. थॉम्सन यांच्या १९६७ मधील प्रसिद्ध निबंधाने दाखवून दिले. ज्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते, त्या कामगारापर्यंत हे घड्याळ पोहोचले ते अनेकदा भोंग्याच्या रूपानेच.

याच्या नेमक्या उलट, काही शिट्ट्या माणसाची ओळखही झाल्या. अमेरिकेतील काही इंजिनचालक स्वतःची शिट्टी बाळगत आणि मिळेल त्या इंजिनावर ती बसवून घेत. ३० एप्रिल १९०० रोजी मिसिसिपी राज्यातील व्हॉनजवळच्या अपघातात मृत्यू पावलेले केसी जोन्स हे त्यांपैकी सर्वांत विख्यात. सहा नळ्यांची त्यांची शिट्टी आणि ती वाजविण्याची त्यांची खास ढब मार्गावरच्या लोकांना परिचित होती. दोरी कमीअधिक ओढून वाफेचा प्रवाह बदलता येतो आणि त्यामुळे स्वर चढविता-उतरविता येतो. सारांश, एकाच यंत्रात धोक्याची सूचना, मालकाची आज्ञा आणि श्रमिकाची स्वाक्षरी असे तीन परस्परविरोधी अर्थ सामावले होते. कोणत्याही संग्राहकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना यांपैकी कोणता अर्थ त्याने राखला आणि कोणता गाळला, हे पाहावे लागते.

वस्तू आणि ध्वनी : छंदिष्टांचे शास्त्र

छंदिष्टांच्या कार्यातील शास्त्रीय भाग समजून घेतल्याखेरीज पुढील चिकित्सा करता येणार नाही. वाफेच्या शिट्टीची रचना वरकरणी साधी असते. एका वर्तुळाकार अरुंद फटीतून वाफ जोराने बाहेर पडते आणि वर बसविलेल्या घंटेच्या, म्हणजे वरून बंद असलेल्या नळकांड्याच्या, कडेवर आदळते. त्यामुळे नळकांड्यातील वायुस्तंभ कंप पावू लागतो. नळकांडे जितके लांब, तितका स्वर खालचा. एकाच घंटेत वेगवेगळ्या लांबीचे कप्पे पाडले की एकाच वेळी अनेक स्वर उमटतात आणि स्वरसंगती निर्माण होते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट येते. स्वराची उंची केवळ नळकांड्याच्या लांबीवर ठरत नाही, तर आतील वायूतून ध्वनी किती वेगाने जातो यावरही ती अवलंबून असते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. १०० अंशांच्या वाफेत तो ४७० मीटरच्या आसपास जातो. परिणामी तीच शिट्टी वाफेऐवजी दाबलेल्या हवेवर वाजविली तर तिचा स्वर सुमारे पाच ते सहा अर्धस्वरांनी उतरतो. आपल्या संगीताच्या परिभाषेत सांगायचे, तर वाफेवर मध्य षड्ज देणारी शिट्टी हवेवर मंद्र सप्तकातील पंचमाच्या किंवा तीव्र मध्यमाच्या आसपास येते. अनेक कप्प्यांच्या शिट्टीत स्वरांमधील परस्पर अंतर टिकते, पण सर्व संगतीच खाली सरकते आणि तिचा पोतही बदलतो.

घरी बाष्पक बाळगणे धोक्याचे आणि खर्चाचे असल्यामुळे बहुसंख्य संग्राहकांना दाबलेल्या हवेवरच समाधान मानावे लागते. म्हणजे त्यांच्या हाती असते ती अस्सल पितळी वस्तू. तिच्यातून निघणारा आवाज मात्र मूळचा नसतो. हवा की वाफ हा संग्राहकांमधला प्रश्न बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो जतनाच्या कल्पनेतील एक मूलभूत प्रश्न आहे. नाटकाच्या संहितेला आणि प्रयोगाला आपण एक मानत नाही. संहिता कपाटात राहते. प्रयोगाला नट, रंगमंच आणि प्रेक्षक लागतात. शिट्टीची घंटा ही संहितेसारखी आहे. वाफ, दाब, दोरी ओढणारा हात, दऱ्याडोंगरांतून परतणारा प्रतिध्वनी आणि ऐकणारा माणूस या सर्वांच्या योगाने तिचा प्रयोग घडतो. पुढील तिन्ही कृतींचा विचार या भेदाच्या आधारे करता येतो.

ओ. विन्स्टन लिंक : आवाजाची रचना

ब्रुकलिन येथे १९१४ मध्ये जन्मलेले ओगल विन्स्टन लिंक हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता आणि व्यवसायाने जाहिरात-छायाचित्रकार होते. नॉरफोक अँड वेस्टर्न ही वाफेच्या इंजिनांवर चालणारी अमेरिकेतील अखेरची मोठी रेल्वे होती. कोळशाची वाहतूक हा तिचा मुख्य धंदा असल्यामुळे आणि रोआनोक येथील स्वतःच्या कारखान्यात ती इंजिने बांधत असल्यामुळे इतर कंपन्या डिझेलकडे वळल्या तरी ती वाफेला धरून राहिली. १९५५ मध्ये लिंक यांनी या रेल्वेच्या चित्रणाला प्रारंभ केला आणि १९६० मध्ये वाफेचा शेवट होईपर्यंत ते सुमारे २४०० छायाचित्रे घेऊन थांबले. रात्रीच्या अंधारात शेकडो फ्लॅश-बल्ब एका क्षणी पेटवून घेतलेली त्यांची छायाचित्रे आज जगभर परिचित आहेत. त्या मानाने त्यांच्या ध्वनिमुद्रणांकडे दुर्लक्ष झाले. १९५७ ते १९७७ या काळात 'साउंड्स ऑफ स्टीम रेलरोडिंग' या मालिकेत त्यांनी सहा ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या.

या मालिकेतील सर्वाधिक गाजलेले मुद्रण १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्रीचे आहे. व्हर्जिनियातील रूरल रिट्रीट या छोट्या गावाच्या स्थानकावर 'पेलिकन' ही प्रवासी गाडी येते, थांबते आणि निघून जाते. पार्श्वभूमीवर चर्चच्या घंटानादावर नाताळची गीते वाजत असतात. घटना एवढीच आहे. परंतु दूरवरून येणारी शिट्टी, गाडीचे थांबणे, थांबल्यावर ऐकू येणारा वाफेचा श्वास, पुन्हा जड पावलांनी सुरू होणारी गती आणि अखेरीस विरत जाणारी शिट्टी या क्रमातून ऐकणाऱ्याला एक जागा मिळते. तो फलाटावर उभा आहे, ही जाणीव सतत राहते. शिट्टी येथे सुटा नमुना म्हणून येत नाही. तिला अंतर आहे, दिशा आहे आणि काळ आहे. मुद्रिकेतून ध्वनीबरोबर श्रोत्याचे स्थानही जपले गेले, हे लिंक यांचे खरे यश मानावे लागेल.

या यशाला एक आक्षेप घेता येतो. चर्चमधील गीते योगायोगाने ऐकू आली नव्हती. लिंक यांनी ती मुद्दाम वाजवून घेतली होती. म्हणजे ज्याला आपण दस्तऐवज समजतो ती एक रचना आहे. लिंक यांच्या छायाचित्रणाची पद्धतही अशीच होती. १९५६ मधील 'हॉटशॉट ईस्टबाउंड' या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात मोटारीत बसून चित्रपट पाहणारे लोक, पडद्यावरचे विमान आणि मागून धावणारी गाडी एकत्र दिसतात. त्यातील पडद्यावरची प्रतिमा नंतर जोडलेली आहे. मात्र रचना केली म्हणून कृती खोटी ठरते, असे म्हणता येणार नाही. गाडी खरी होती, वाफ खरी होती आणि त्या मार्गावरचा वाफेचा काळ खरोखरच संपत होता. रचनेने कशावर भर दिला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

याच ठिकाणी लिंक यांच्या ध्वनिमुद्रणांची मर्यादा दिसते. त्यांच्या छायाचित्रांत माणसे भरपूर आहेत : ओसरीवर बसलेली, पोहणारी, इंजिनाला तेलपाणी करणारी. ध्वनिमुद्रिकांत मात्र यंत्रच नायक होते. एका मुद्रिकेला दिलेले 'द फेडिंग जायंट' हे शीर्षकच बोलके आहे : विरत चाललेला महाकाय. शोक आहे तो या महाकायाचा. रोआनोकच्या कारखान्यात १९५३ च्या अखेरीस शेवटचे वाफेचे इंजिन बांधले गेले. त्यानंतर बाष्पक घडविणाऱ्या, रिव्हेट ठोकणाऱ्या आणि कोळसा ओढणाऱ्या हातांच्या कौशल्याला गिऱ्हाईक उरले नाही. रूरल रिट्रीटमध्ये विरणाऱ्या शिट्टीत या हातांचा निरोपही होता. नाताळच्या गीतांनी त्या शिट्टीला भक्तिभावाचा उजाळा दिला. त्या उजाळ्यात श्रमाचा हा पदर झाकला गेला.

कॉनरॅड मिल्स्टर : जिवंत प्रयोग

लिंक यांनी प्रयोग मुद्रित केला, तर मिल्स्टर यांनी तो दरवर्षी नव्याने घडविला. ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूट या शिक्षणसंस्थेच्या वीज व वाफ पुरविणाऱ्या जुन्या यंत्रघराचे ते मुख्य अभियंता होते. संस्थेच्या बाष्पकातील वाफ नळांनी अंगणात आणून आपल्या संग्रहातील शिट्ट्या नववर्षाच्या मध्यरात्री वाजविण्याचा परिपाठ त्यांनी १९६० च्या दशकात सुरू केला. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री त्याचा शेवट झाला. जवळजवळ अर्धशतक चाललेल्या या उपक्रमास प्रवेश सर्वांना खुला होता, आणि वाफेच्या ढगात उभे राहून तो आवाज अंगावर घेण्यासाठी लोक कडाक्याच्या थंडीत जमत असत.

मागील विभागातील निकष लावला, तर या उपक्रमाचे श्रेष्ठत्व सहज ध्यानात येते. येथे वाफ होती, त्यामुळे स्वर मूळ उंचीवर उमटे. येथे हात होता, त्यामुळे वाजविण्यात ढब होती. येथे एकत्र आलेला श्रोतृसमुदाय होता. ध्वनिमुद्रिकेतून ऐकलेली शिट्टी कानात राहते. जवळून ऐकलेल्या मोठ्या शिट्टीचा कंप छातीत जाणवतो. हा शारीरिक अनुभव कोणत्याही मुद्रणात येत नाही.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध शिट्टी 'नॉर्मंडी' या फ्रेंच प्रवासी जहाजाची होती, आणि तिचा प्रवास मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १९३५ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेले हे जहाज अटलांटिकवरील वैभवाचे प्रतीक होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या वाहतुकीसाठी त्याचे रूपांतर चालू असताना ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याला आग लागली आणि ते कलंडले. पुढे ते मोडीत निघाले. त्याची शिट्टी पेनसिल्व्हानियातील बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कामगारांना कामावर बोलविण्यासाठी वापरली गेली आणि त्यानंतर ती प्रॅटच्या अंगणात आली. घंटा तीच, धातू तोच, स्वरही जवळपास तोच. पहिल्या टप्प्यात तो आवाज श्रीमंत प्रवाशांच्या निरोपाचा होता, दुसऱ्यात कामगारावरच्या हुकमाचा आणि तिसऱ्यात उत्सवाचा. आवाजाचा अर्थ वस्तूत नसून तिच्याभोवतीच्या संबंधांत असतो, या विधानाला याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

उत्सवातला श्रोता ही शिट्टी 'नॉर्मंडीची' म्हणून ऐकत होता. 'बेथलेहेमच्या कारखान्याची' म्हणून ती क्वचितच ओळखली गेली. जहाजाचे नाव तिला चिकटून राहिले आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांचा काळ तिच्या चरित्रात एका ओळीचा झाला. मिल्स्टर यांना याचा दोष देता येणार नाही, कारण त्यांनी शिट्टी वाजती ठेवली आणि तिचे मौन मोडले. परंतु स्मृती कोणत्या टप्प्यावर रेंगाळते आणि कोणता टप्पा झटकन ओलांडते, यातून त्या समाजाची आवडनिवड कळते.

या उपक्रमाची दुसरी बाजू म्हणजे त्याची नश्वरता. तो एका जुन्या यंत्रघरावर आणि एका माणसाच्या निष्ठेवर उभा होता. त्याचे उत्तराधिकारी सहजासहजी निर्माण होण्यासारखे नव्हते. प्रयोगाचे जतन हे प्रयोग करणाऱ्यांच्या जतनाशी बांधलेले असते. गुरुशिष्यपरंपरेने टिकलेल्या आपल्या संगीताला ही गोष्ट नवीन नाही.

रॉबर्ट स्वॉन्सन : अनुकरणातून नवनिर्मिती

कॅनडातील रॉबर्ट स्वॉन्सन (१९०५–१९९४) यांची भूमिका या दोघांपेक्षा निराळी आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलांतील लाकूडतोड्यांच्या जीवनावर पद्यरचना करणारा हा अभियंता वाफेच्या शिट्ट्यांचा जाणकार होता. डिझेल इंजिने आली तेव्हा त्यांच्यावर एकस्वरी हॉर्न बसविलेले असत. फाटकावरच्या वाहनचालकाला तो आवाज मालमोटारीचा वाटे आणि त्याची गफलत होई. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वॉन्सन यांनी वाफेच्या अनेकस्वरी शिट्टीची आठवण करून देणारे हवेवरचे हॉर्न तयार केले. शिट्टीची स्वरसंगती त्यांनी वेगळ्या यंत्रात उतरविली. या परंपरेतूनच उत्तर अमेरिकेतील आजचे रेल्वे हॉर्न आले. अमेरिकेच्या अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेच्या इंजिनांवर ऐकू येणारा पाच कर्ण्यांचा नेथन के-५-एल-ए हा हॉर्न पाश्चात्त्य परिभाषेतील 'बी मेजर सिक्स्थ' या संगतीत जुळविलेला आहे. फाटकापाशी दोन दीर्घ, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ असा त्याचा क्रम असतो. २००५ पासून लागू झालेल्या अमेरिकन संघीय नियमानुसार तो सामान्यतः फाटकापूर्वी १५ ते २० सेकंद वाजवावा लागतो आणि इंजिनापुढे १०० फुटांवर त्याची तीव्रता ९६ ते ११० डेसिबल या मर्यादेत असावी लागते.

स्वॉन्सन यांनी १९६७ मध्ये कॅनडाच्या शताब्दीनिमित्त व्हँकुव्हरसाठी दहा हॉर्नचा एक संच तयार केला. कॅनडाच्या राष्ट्रगीताचे पहिले चार स्वर तो दररोज दुपारी बारा वाजता शहरभर ऐकवितो. हा संच पुढे कॅनडा प्लेस या बंदरालगतच्या इमारतीवर हलविण्यात आला. रेमंड मरे शेफर यांच्या नेतृत्वाखाली त्याच शहरात ध्वनिपरिसराचा जो अभ्यास झाला, त्यातून 'ध्वनिखूण' ही संकल्पना रूढ झाली. जसा एखादा बुरूज किंवा मनोरा गावाची खूण असतो, तसा एखादा आवाजही त्या वस्तीची खूण असतो आणि तो जपण्यास पात्र असतो, असे शेफर यांचे प्रतिपादन आहे. १९७७ मधील 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' या ग्रंथात त्यांनी ते विस्ताराने मांडले.

स्वॉन्सन यांचे कार्य काटेकोर अर्थाने जतन नव्हे. मूळ वस्तूही त्यात नाही आणि मूळ ध्वनीही नाही. तरीही शिट्टीचे मूळ प्रयोजन, म्हणजे न दिसणाऱ्या धोक्याची जाणीव देणे, हे सर्वांत प्रामाणिकपणे त्यांच्याच हॉर्नने पुढे नेले. याला दुसरी बाजू आहे ती व्हँकुव्हरच्या दुपारच्या चार स्वरांची. त्यात धोका नाही. आहे तो राष्ट्राचा उद्घोष. शेफर यांनीच दाखवून दिले आहे की सत्ता म्हणजे केवळ मोठा आवाज करणे नव्हे, तर कोणाच्याही आक्षेपाविना तो करण्याचा अधिकार असणे होय. एके काळी तो अधिकार चर्चच्या घंटेकडे होता, पुढे तो कारखान्याच्या भोंग्याकडे आला. शहरभर दररोज ऐकू जाणारी ध्वनिखूण सर्वांची असते, हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे.

आज्ञेचा आवाज : एक गाळलेला अर्थ

तिन्ही कृती एकत्र ठेवल्या म्हणजे एक समान उणीव दिसते. लिंक यांच्याकडे विरहाचा आवाज आहे, मिल्स्टर यांच्याकडे उत्सवाचा, स्वॉन्सन यांच्याकडे सूचनेचा आणि उद्घोषाचा. श्रमिकाच्या दिवसावर हुकूम चालविणारा आवाज कोणाकडेच मध्यभागी नाही. याचे कारण छंदाच्या स्वरूपात आहे. छंद हा फावल्या वेळाचा असतो, आणि फावल्या वेळात माणूस जे आठवतो त्याला सक्ती नकोशी वाटते. शिट्टी ऐकणे ऐच्छिक झाले तेव्हाच ती रम्य वाटू लागली.

मराठी वाचकाला हा मुद्दा अधिक निकटचा आहे. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढे लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांत गिरणगाव वसले. तेथे भोंगा हे सर्वांचे घड्याळ होते. पाळीची वेळ, खानावळीतील जेवणाची वेळ, चाळीतल्या चुलींची वेळ भोंग्यावर ठरे. तो चुकला तर खाडा पडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन विस्कटले, एकेक गिरणी थंडावत गेली आणि त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. आता 'भोंगा' या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांसमोर ध्वनिक्षेपक येतो. शब्दाचा जुना अर्थ वयोवृद्धांच्या बोलण्यात उरला आहे. त्या पिढीच्या आठवणीत भोंगा केवळ रम्य नाही. त्यात पहाटेची झोपमोड आहे, उशिराची धास्ती आहे, आणि त्याच वेळी हाताला काम असल्याचा दिलासाही आहे. भोंगा बंद झाला तेव्हा जाच संपला असे कोणी म्हटले नाही, कारण त्याबरोबर पगारही संपला. आज्ञा आणि आधार एकाच आवाजात असणे, हा अनुभव अमेरिकन संग्रहांत फारसा सापडत नाही. बेथलेहेमच्या कामगारांना मात्र तो नक्कीच समजला असता.

येथे असा प्रतिवाद होऊ शकतो की पितळी शिट्ट्यांवर प्रेम करणाऱ्या हौशी माणसाकडून कामगार-इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यात तथ्य आहे. विद्यापीठे, संग्रहालये आणि रेल्वे कंपन्या स्वस्थ बसल्या असताना ज्यांनी स्वतःच्या खिशातून शिट्ट्या वाचविल्या, त्यांना उणे ठरविणे योग्य नव्हे. केवळ त्यांच्यामुळेच आज ही चिकित्सा शक्य झाली आहे. तथापि ज्या काटेकोरपणे ते घंटेचा व्यास, फटीची रुंदी आणि वाफेचा दाब नोंदवितात, त्याच काटेकोरपणे ती शिट्टी कोठे होती, दिवसातून किती वेळा वाजे, दोरी कोणाच्या हाती होती आणि ती ऐकून कोण धावत सुटे, हेही नोंदविता येते. ही मागणी छंदाबाहेरची नाही. वाफ आणि हवा यांतला फरक ज्याला महत्त्वाचा वाटतो, त्याला या माहितीचे महत्त्व पटण्यास अडचण नसावी. दोन्हींचा संबंध प्रयोगाच्या पूर्णतेशीच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की शिट्टीचा संग्रह आणि आवाजाचे जतन या एकच गोष्टी नव्हेत; ध्वनीच्या वेगाचे साधे गणितही हे सिद्ध करते. दुसरा असा की लिंक यांचे मुद्रण, मिल्स्टर यांचा उपक्रम आणि स्वॉन्सन यांचे हॉर्न हे जतनाचे तीन वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाने एक अंश राखून दुसरा गमावला. लिंक यांनी श्रोत्याचे स्थान राखले पण श्रमिकाला मागे ठेवले. मिल्स्टर यांनी प्रत्यक्ष वाफ आणि समुदाय राखला, परंतु त्याला सातत्य लाभू शकले नाही. स्वॉन्सन यांनी प्रयोजन राखले, मूळ ध्वनी सोडून दिला. तिघांत अधिक परिपूर्ण कृती निवडायची झाल्यास ती मिल्स्टर यांची ठरते, कारण तिच्यात आवाज हा आवाजाच्याच अटींवर, म्हणजे उमटण्याच्या आणि विरण्याच्या अटींवर, स्वीकारलेला आहे.

तिसरा निष्कर्ष आपल्याशी संबंधित आहे. भारतात ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेच्या नियमित गाड्या १९९५ मध्ये थांबल्या. मुंबईतील बहुतेक गिरण्यांचे भोंगे त्याच्या आगेमागे मुके झाले. ज्यांनी हे आवाज काम करता करता ऐकले, ती माणसे आज उतारवयात आहेत. शिट्टीची घंटा शंभर वर्षे टिकेल, पण तिचा अर्थ सांगणारा माणूस तेवढा थांबणार नाही. पितळ आधी जपावे की साक्ष आधी घ्यावी, असा प्रश्न पडलाच तर अग्रक्रम साक्षीला द्यावा लागेल. अमेरिकेतील छंदिष्टांच्या अर्धशतकाच्या खटपटीतून घेण्यासारखा हा धडा आहे.